सही नसलेला उस्ताद : बर्लिन पेंटर

२०१७ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये एका चित्रकाराचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. देशोदेशीच्या म्युझियम्समधून त्याची कामं मागवली, जाडजूड कॅटलॉग छापला. मग तेच प्रदर्शन टोलेडो नावाच्या दुसऱ्या शहरात गेलं. सगळा थाट एखाद्या मोठ्या उस्तादाला शोभेल असा. फक्त एकच अडचण. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचं नाव कुणालाच माहीत नाही!

त्याला म्हणतात ‘बर्लिन पेंटर’. हा माणूस आयुष्यात कधी बर्लिनला गेला नाही. जाणार तरी कसा? तो होता अथेन्सचा, आणि काम करत होता इ.स.पू. ५०५ ते ४६० च्या सुमारास. तेव्हा बर्लिन नावाचं गावच नव्हतं. तो मातीच्या भांड्यांवर चित्रं काढायचा. आज तीनशेहून जास्त भांडी आणि तुकडे त्याच्या नावावर... म्हणजे त्याच्या नसलेल्या नावावर जमा आहेत.

आमच्या कॉन्व्हेंटच्या हिस्टरीच्या पुस्तकात ग्रीस म्हणजे अडीच पानं होती. अलेक्झांडर, ऑलिम्पिक आणि सॉक्रेटिसचा विषाचा पेला. कुंभार आणि रंगारी त्यात कुठून येणार? पण या माणसाची गोष्ट आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांनी वाचण्यासारखी आहे. तिच्यात केमिस्ट्री आहे, ड्रॉइंग आहे, कॉपी आहे, चोरी आहे. आणि एक प्रश्न आहे : सही नसेल, तर केलेलं काम कुणाचं हे कळतं का?

आधी थोडी केमिस्ट्री

‘सिरॅमिक’ हा शब्द आपण मटेरियल सायन्सला घोकतो. तो आला ग्रीक ‘केरामोस’ या शब्दावरून. केरामोस म्हणजे कुंभाराची माती. अथेन्समधल्या कुंभारवाड्याचं नाव केरामेइकोस. तिथली माती लोहयुक्त, म्हणून भाजली की नारिंगी-लाल होते.

इ.स.पू. सहाव्या शतकात बराच काळ अथेन्सचे कारागीर काळ्या आकृत्या काढायचे. लाल भांड्यावर काळी सावली, आणि तिच्यात टोकदार हत्यारानं कोरलेल्या रेघा. मग इ.स.पू. ५२५ ते ५२० च्या सुमारास कुणीतरी हे सगळं उलटं केलं. आकृती मातीच्या लाल रंगात तशीच मोकळी सोडायची आणि भोवतीची सगळी जागा काळी करायची. याला म्हणतात ‘रेड-फिगर’. फरक ऐकायला छोटा वाटतो, पण परिणाम प्रचंड. आता आतल्या रेघा कोरायच्या नव्हत्या, ब्रशनं काढायच्या होत्या. स्नायू, कपड्याच्या चुण्या, डोळ्याची कड, सगळ्यांत ब्रशचा जिवंतपणा आला.

खरी गंमत पुढे आहे. तो काळा रंग हा रंगच नाही! तीच माती पाण्यात कालवून ठेवायची. जाड कण खाली बसतात, अगदी बारीक कण वर तरंगत राहतात. ते वरचं गाळीव पाणी आटवून जो पातळ, गुळगुळीत चिखल मिळतो, तो या चित्रकाराचा ‘काळा रंग’. म्हणजे भांडंही माती, रंगही माती. भट्टीत जायच्या आधी दोघांच्या रंगात फारसा फरक नाही. विचार करा, ज्या शाईचा रंग कागदाच्या रंगाशी जवळपास जुळतो, त्या शाईनं तुम्हाला इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट काढायची आहे!

मग भाजणी. एकाच भट्टीत, एकाच वेळी, पण तीन टप्प्यांत.

पहिला टप्पा : भट्टीत हवा खेळती ठेवायची. सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची. ऑक्सिजन भरपूर, त्यामुळे सगळं भांडं लाल.

दुसरा टप्पा : हवेची वाट बंद करायची, ओली लाकडं टाकायची आणि तापमान ९०० च्या वर न्यायचं. आता ऑक्सिजन कमी, कार्बन मोनॉक्साइड जास्त. तो मातीतल्या लाल फेरिक ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि काळं मॅग्नेटाइट तयार होतं. सगळं भांडं काळं. पण याच वेळी गाळीव चिखलाचा थर, कण अतिशय बारीक असल्यामुळे, वितळायला लागतो आणि काचेसारखा घट्ट होतो. सिंटरिंग! भांड्याची जाड माती मात्र अजून सच्छिद्रच असते.

तिसरा टप्पा : भट्टी थोडी थंड होऊ द्यायची आणि हवेची वाट पुन्हा उघडायची. सच्छिद्र मातीत ऑक्सिजन शिरतो आणि ती परत लाल होते. काचेसारख्या थरात मात्र त्याला शिरता येत नाही. तो थर काळाच राहतो.

झालं! एकच माती, एकच भट्टी, आणि दोन रंग. गेज नाही, थर्मोकपल नाही. ज्वाळेचा रंग बघून आणि अनुभवावर हे लोक हवेची वाट उघडत-मिटत होते. ही युक्ती पुढे जग विसरलं. ती नीट उलगडायला विसावं शतक उजाडलं. जर्मनीत थिओडोर शूमान यांनी १९४० च्या दशकात आणि अमेरिकेत जोसेफ व्हीच नोबल यांनी १९६० च्या सुमारास प्रयोग करून ती दाखवून दिली.

म्हणजे चित्रकाराला काय करावं लागायचं ते बघा. अर्धवट सुकलेल्या, गोलाकार, फुगीर भांड्यावर आधी बोथट काडीनं कच्ची रेघ ओढायची. मग आकृतीची बाह्यरेषा. मग तिच्या बाहेरून दोन-तीन मिलिमीटरचा जाड पट्टा, म्हणजे पुढे बॅकग्राउंड भरताना ब्रश आत घुसणार नाही. आणि भाजल्यावर खोडरबर नाही. जे गेलं ते गेलं.

एकच आकृती, बाकी सगळा अंधार

आता आपल्या हीरोकडे येऊ.

ज्या भांड्यावरून त्याला नाव मिळालं, तो एक मोठा अँफोरा आहे. अँफोरा म्हणजे दोन मुठींचा उभा रांजण. तो इटलीतल्या वुल्ची या ठिकाणी मिळाला आणि आता बर्लिनच्या म्युझियममध्ये आहे. त्याचा नंबर एफ २१६०. (अथेन्सचं भांडं इटलीत कसं? सोपं आहे. तिथल्या इट्रस्कन लोकांना अथेन्सची भांडी फार आवडायची. ते ती विकत घ्यायचे आणि मेलेल्या माणसाबरोबर थडग्यात ठेवायचे. थडगी बंद राहिली म्हणून तर भांडी वाचली.)

या अँफोऱ्याच्या एका बाजूला हर्मिस देव आहे, हातात मद्याचा पेला घेतलेला. त्याच्याबरोबर एक सॅटर, म्हणजे घोड्याच्या शेपटीचा, दाढीवाला, रानातला खट्याळ जीव. त्याच्या हातात तंतुवाद्य. दोघांच्या मध्ये हरणाचं एक पाडस. तिघंही एकमेकांवर असे सरकलेले आहेत की लांबून एकच आकार दिसतो, आणि जवळ गेल्यावर हळूहळू पाय कुणाचा, हात कुणाचा, हे सुटत जातं.

आणि भोवती? काही नाही. चौकट नाही, झाड नाही, घर नाही. पायाखाली नक्षीची एक आखूड पट्टी, एवढंच. बाकी सगळं चकचकीत काळं.

हीच त्याची खासियत. त्या काळचे बरेच चित्रकार चित्राला चौकट घालायचे, कोपरे भरायचे. हा मात्र एकच आकृती घेतो आणि तिला काळ्या अंधारात सोडून देतो, जणू स्टेजवर एकाच नटावर स्पॉटलाइट टाकलाय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याचा एक अँफोरा आहे. त्यावर एक तरुण किथारा नावाचं वाद्य वाजवत गातोय. डोकं मागे टाकलेलं, तोंड उघडं, आणि वाद्याला बांधलेलं कापड झुलतंय. बस. त्या बाजूला ना श्रोते, ना मंडप. पॅरिसच्या लूव्हरमधल्या भांड्यावर गॅनिमीड नावाचा मुलगा एका हातानं चाक पळवतोय आणि दुसऱ्या हातात कोंबडा धरलाय. त्याच्या मागे लागलेला झ्यूस देव दिसतच नाही, कारण तो भांड्याच्या पलीकडच्या बाजूला आहे! पाठलाग बघायचा तर भांड्याला प्रदक्षिणा घालायची. व्हॅटिकनमधल्या एका पाण्याच्या घागरीवर अपोलो देव पंख असलेल्या तिवईवर बसून समुद्रावरून उडतोय आणि खाली डॉल्फिन उड्या मारतायत.

आणि हे सगळं कुठल्या काळात? इ.स.पू. ४९० ला मॅरेथॉनची लढाई. इ.स.पू. ४८० ला पर्शियाच्या फौजेनं अथेन्स शहर जाळलं. लोक बायकामुलांसह बोटींत बसून पळाले, परत आले, पुन्हा घरं बांधली, पुन्हा भट्ट्या पेटवल्या. बर्लिन पेंटरचं काम या जाळपोळीच्या आधीही आहे आणि नंतरही.

पंचवीस वर्षांचा पोरगा आणि कानाची पाळी

या माणसानं सही केली नाही हे काही नवल नव्हतं. काही कारागीर सही करायचे. ‘अमक्यानं घडवलं’, ‘तमक्यानं रंगवलं’. युथिमिडीस नावाच्या एका चित्रकारानं तर भांड्यावरच लिहून ठेवलं की असं काम युफ्रोनिओसला कधी जमलं नाही! (म्हणजे भिंतीवर एकमेकांना टोमणे लिहायची परंपरा आपल्या हॉस्टेलनं सुरू केलेली नाही.) पण बहुतेक भांड्यांवर काहीच नाव नाही. ती होती वस्तू. विकायची, वापरायची.

१९११ साली ऑक्सफर्डच्या जॉन डेव्हिडसन बीझली या तरुणानं एक लेख लिहिला. वय जेमतेम पंचवीस-सव्वीस. आपल्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. त्यानं दाखवलं की बर्लिनचा हा अँफोरा आणि वेगवेगळ्या देशांत विखुरलेली इतर कितीतरी भांडी एकाच हातानं रंगवलेली आहेत. नाव माहीत नव्हतं, म्हणून या हाताला त्यानं बर्लिनच्या अँफोऱ्यावरून ओळख दिली.

हे त्यानं ओळखलं कसं? इथे आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय येतो. जी.टी.!

निष्पाप फर्स्ट इयरवाल्यांसाठी सांगते. जी.टी. म्हणजे ग्लास ट्रेसिंग. खाली बल्ब, वर काच, काचेवर मित्राची शीट, त्यावर आपली कोरी शीट. रात्री दोनला सुरू, सकाळी सबमिशन. आता गंमत बघा. सेक्शनल व्ह्यू, एलिप्स, स्पायरल वगैरे मुख्य आकृती आपण जीव लावून मित्रासारखी काढतो. पण डायमेन्शनचे बाण? टायटल ब्लॉकमधली अक्षरं? हॅचिंगमधलं अंतर? त्याकडे कोण लक्ष देतं! ते आपण आपल्याच सवयीनं काढतो. आणि अनुभवी सर किंवा मॅडम नेमकं तेच बघतात. एकही प्रश्न न विचारता त्यांना कळतं की या चार शीट्स एकाच पोराच्या हातच्या आहेत.

बीझलीनं तेच केलं. ही पद्धत त्याच्या आधी इटलीच्या जिओव्हानी मोरेल्ली यांनी चित्रांसाठी वापरली होती. मोरेल्लींचं शिक्षण वैद्यकशास्त्राचं. ते म्हणायचे की चित्रकार ओळखायचा तर चेहऱ्याचे भाव बघू नका, ते तर कुणीही नकलेल. कानाची पाळी बघा, नखं बघा, बोटांची ठेवण बघा. जिथे चित्रकाराचं लक्ष नसतं, तिथे त्याचा हात आपोआप चालतो. (शेरलॉक होम्सच्या एका गोष्टीतही कानाच्या आकारावरून नातं ओळखलंय. कार्लो गिन्झबर्ग या इतिहासकारानं मोरेल्ली आणि होम्स यांच्या या साम्यावर मोठा निबंधच लिहिला आहे.)

बीझली घोट्याची रेघ बघायचा, गळ्याजवळच्या हाडाचा वळसा, छातीची कड, गुडघ्याची वाटी, नाकपुडी, कान, कपड्याची चुणी. आणि नुसतं बघायचा नाही, तर काढायचा. म्युझियमोम्युझियमी जाऊन तो पेन्सिलनं भांड्यांवरच्या आकृत्या उतरवून घ्यायचा. त्याची ही हजारो ड्रॉइंग्ज ऑक्सफर्डला जपून ठेवलेली आहेत. रेघ स्वतः ओढून पाहिली की ती काढणाऱ्याचा हात कुठे थांबला, कुठे जोरात गेला, हे आपल्या हातालाही कळतं. जी.टी. मारतानाही हे कळायला हवं, पण रात्री दोनला आपलं लक्ष घड्याळाकडे असतं!

हे काम त्यानं जन्मभर केलं. १९७० साली तो वारला, तोवर अथेन्सच्या हजारो भांड्यांमधून शेकडो हात त्यानं वेगळे केले होते. सगळ्यांना नावं द्यायची तर सुचणार किती? मग नावं अगदी हॉस्टेलच्या टोपणनावांसारखी झाली. एकाच्या आकृत्यांचे कोपर सतत बाहेर, म्हणून तो ‘एल्बोज आउट’. एकानं भांड्यावर डुकरं रंगवली, तो ‘पिग पेंटर’. एक ‘पॅन पेंटर’. आणि एक बिचारा चक्क ‘वर्स्ट पेंटर’, सगळ्यात वाईट! अडीच हजार वर्षांनी एवढा अपमान कुणाच्या वाट्याला आला नसेल.

पण हे खरं कशावरून?

व्हायवाला बसलेल्या एक्स्टर्नलसारखा हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आपण म्हणतो एक हात. पण तपासायचं कसं? चित्रकाराला बोलावून तर विचारता येत नाही.

पहिली तपासणी म्हणजे सही असलेली भांडी. ड्यूरिस नावाच्या चित्रकाराच्या सह्या चाळीसेक भांड्यांवर मिळतात. त्या भांड्यांवरून त्याचा हात कळतो, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत तो कसा बदलला तेही कळतं, आणि मग सही नसलेली भांडी त्याच्याशी ताडून बघता येतात. म्हणजे पद्धतीला कॅलिब्रेशन आहे.

दुसरी गोष्ट आणखी मजेदार आहे. बर्लिन पेंटरचा एक तोडीस तोड समकालीन होता, त्याला म्हणतात ‘क्लिओफ्रेडीस पेंटर’. क्लिओफ्रेडीस हे भांडं घडवणाऱ्या कुंभाराचं नाव, रंगवणाऱ्याचं नाही. पुढे बर्लिनमधल्या एका भांड्यावर ‘एपिक्टेटोसनं रंगवलं’ अशी सही दिसली. सगळे खूश, नाव मिळालं! पण नंतर कळलं की ती सही खरी नव्हतीच, पुढच्या काळात कुणीतरी घातलेली होती. नाव गेलं. पण भांड्यांचा गट? तो जसाच्या तसा राहिला. कारण तो सहीवर उभा नव्हताच, रेघेवर उभा होता. मला ही गोष्ट फार आवडते. सही खोटी निघाली, आणि घोट्याची रेघ खरी.

तरी शंका संपत नाहीत. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, एक प्याला सापडला. त्यावर गोर्गोस नावाच्या कुंभाराची सही आहे. काही अभ्यासक म्हणतात, हे बर्लिन पेंटरचं अगदी तरुणपणीचं काम. काही म्हणतात, छे, वेगळा हात. बीझली स्वतःही सगळं एका खणात टाकत नसे. हे त्याच्या हातचं, हे त्याच्या पद्धतीचं, हे त्याच्या तालमीतलं, हे जवळपासचं, असे वेगवेगळे खण त्यानं केले होते. थोडक्यात टॉलरन्स लिहून दिलेला होता. आपण मात्र रीडिंग आधी ठरवतो आणि ग्राफ मागून काढतो!

आणखी एक शंका. मायकल विकर्स आणि डेव्हिड गिल या अभ्यासकांनी म्हटलं की आपण या भांड्यांना उगाच डोक्यावर घेतलंय. श्रीमंतांच्या घरी सोन्या-चांदीची भांडी असायची, ही मातीची तर स्वस्तातली. त्यांचं सगळंच म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही. पण किमतीबद्दल ते बरोबर आहेत. काही भांड्यांच्या तळाला किमती खरवडलेल्या सापडतात. त्यावरून दिसतं की मोठं रंगवलेलं भांडंसुद्धा एखाद्या कारागिराच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीत यायचं. म्हणजे आज ज्याच्यासाठी काचेची पेटी, अलार्म आणि विमा लागतो, ते काढणारा माणूस रोजंदारीवर राबत असणार. कदाचित परदेशी असेल, कदाचित गुलामही. आपण सवयीनं ‘तो’ म्हणतो. पण इटलीत असलेल्या एका घागरीवर कारखान्याचं चित्र आहे, आणि त्यात एक बाईसुद्धा भांडं सजवत बसलेली आहे. मेकॅनिकलच्या मुलींनी नोंद घ्यावी.

नाव मिळालं, गाव हरवलं

या गोष्टीला एक काळी बाजूही आहे. बीझलीनं दिलेली ओळख अभ्यासासाठी होती. बाजारानं तिचं लेबल केलं. ‘अज्ञात ग्रीक भांडं’ आणि ‘बर्लिन पेंटरचं भांडं’ यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. किंमत वाढली की चोर आलेच. इटलीत रात्री थडगी फोडून भांडी काढणाऱ्यांच्या टोळ्या तयार झाल्या.

सगळ्यात गाजलेली केस युफ्रोनिओसच्या मोठ्या भांड्याची. हा मद्यात पाणी मिसळायचा रुंद तोंडाचा हंडा, ज्यावर मेलेल्या सार्पेडॉनला उचलून नेतानाचं चित्र आहे. मेट्रोपॉलिटन म्युझियमनं तो १९७२ साली सुमारे दहा लाख डॉलरला घेतला. तो इटलीतल्या थडग्यातून चोरून काढलेला होता. २००६ साली म्युझियम आणि इटलीचं सरकार यांच्यात करार झाला आणि २००८ साली हंडा इटलीला परत गेला. त्याच कराराच्या यादीत आणखी काही भांडी होती, आणि त्यांत एक अँफोरा होता आपल्या बर्लिन पेंटरचा.

भांडं परत गेलं म्हणून सगळं परत आलं का? नाही. ते कुठल्या थडग्यात होतं, कुणाच्या उशाशी होतं, बरोबर काय काय ठेवलं होतं, हे चोर लिहून ठेवत नाही. ती माहिती कायमची गेली. घोट्याच्या रेघेवरून आपण सांगू शकतो की हे कुणी रंगवलं. पण ते कुणासाठी विकत घेतलं आणि कुणाबरोबर पुरलं, हे कुठल्याच रेघेत नसतं. ते फक्त जमिनीत असतं, आणि जमीन एकदाच उघडता येते.

हात थकतो तेव्हा

बर्लिन पेंटरच्या शेवटच्या काळातली भांडी बघितली तर जाणकार म्हणतात की मजा गेलीये. तीच आकृती, तेच उभं राहणं, तीच पायाखालची पट्टी. पण रेघ यांत्रिक झालेली. चाळीसेक वर्षं तेच काम. डोळे गेले असतील, हात थरथरत असेल, किंवा नुसताच कंटाळा. तरीही ती भांडी त्याचीच हे ओळखू येतं. चांगल्या दिवसातलं काम आणि थकलेल्या दिवसातलं काम, दोन्हींवर एकच छाप.

आणि त्याचं काम तिथे थांबलंही नाही. त्याच्या हाताखाली शिकलेला एक चित्रकार पुढे निघाला. त्याचंही नाव माहीत नाही. व्हॅटिकनमधल्या एका अँफोऱ्यावर त्यानं अकिलीस रंगवला, म्हणून तो ‘अकिलीस पेंटर’. त्याच्या आकृत्याही तशाच एकट्या, शांत, भोवती मोकळी जागा ठेवून उभ्या. म्हणजे सही नसलेल्या सरांचा सही नसलेला विद्यार्थी. पण मोकळी जागा सोडायला सरांनी शिकवलं हे अडीच हजार वर्षांनंतरही दिसतं. आमच्या स्टाफला हे वाचून बरं वाटेल अशी आशा आहे!

मला वाटतं, आपल्यापैकी बहुतेकांचं असंच होणार आहे. पुलाच्या कोनशिलेवर मंत्र्यांचं नाव असतं, वेल्डरचं नसतं आणि ज्या पोरीनं रात्र जागून कॅल्क्युलेशन केलं तिचंही नसतं. कोडच्या लाखो ओळी लिहिल्या जातात, खाली सही कंपनीची. यावर रडायचं तर रडता येईल. पण बर्लिन पेंटरनं घोट्याची रेघ काढताना कुणी अडीच हजार वर्षांनी ती मोजेल असा विचार नक्कीच केला नसेल. त्याला ती रेघ नीट यायला हवी होती, एवढंच.

तेव्हा कुठल्या म्युझियममध्ये लाल-काळं ग्रीक भांडं दिसलं, किंवा इंटरनेटवर ऑक्सफर्डच्या बीझली आर्काइव्हमधले फोटो उघडून बसलात, तर देव कोण आणि राक्षस कोण हे नंतर वाचा. आधी पाय बघा. मग कान बघा. आणि चौथ्या-पाचव्या भांड्याला तुम्हीच म्हणाल, ‘अरे, हा तर तोच!’